तपासणीची वही आणि टॅबलेट : केनियातील अध्यापन-मार्गदर्शकांच्या साधनांचा इतिहास

केनियाच्या पश्चिमेस, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी असलेल्या किसुमू कौंटीतील ८० शाळांमध्ये २०१३-१४ च्या सुमारास एक प्रयोग झाला. प्राथमिक शाळेच्या आरंभीच्या इयत्तांतील मुलांना वाचन शिकविण्याच्या कामी नवी यंत्रे कोणाच्या हाती दिली असता अधिक उपयोग होतो, हा त्या प्रयोगाचा प्रश्न होता. काही शाळांत शिक्षकांना टॅबलेट देण्यात आले. काहींत मुलांच्या हाती पुस्तके वाचण्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रे देण्यात आली. तिसऱ्या गटातील शाळांना मात्र काहीच दिले नाही. त्या शाळांना वेळोवेळी भेट देणाऱ्या मार्गदर्शकाच्या हाती तेवढा एक टॅबलेट देण्यात आला. उरलेल्या शाळा तुलनेसाठी होत्या. तीनही गटांतील मुले तुलनेच्या शाळांतील मुलांपेक्षा चांगली वाचू लागली, हे खरे. परंतु पुस्तके, पाठांची मार्गदर्शिका, प्रशिक्षण आणि भेटी एवढ्यावरच चाललेल्या त्याच कार्यक्रमाच्या यंत्रविरहित स्वरूपाशी ताडून पाहता कोणताही गट लक्षणीयरीत्या पुढे गेल्याचे आढळले नाही. असे असूनही २०१५ साली हा कार्यक्रम ‘तुसोमे’, म्हणजे ‘चला वाचू या’, या नावाने देशभर नेताना मार्गदर्शकाचा टॅबलेट ठेवण्यात आला आणि बाकीचे दोन्ही पर्याय सोडून देण्यात आले.

वरवर पाहता हा निर्णय विसंगत वाटतो. जे यंत्र मुलांच्या वाचनात वेगळी भर घालीत नाही, ते देशभर वाटण्याचे प्रयोजन काय? खर्चाचे उत्तर सरळ आहे. एक मार्गदर्शक अनेक शाळांत जातो. त्यामुळे त्याच्या टॅबलेटचा दर मुलामागे पडणारा खर्च इतर दोन्ही पर्यायांहून पुष्कळच कमी होता. पण खर्चाने निर्णयाचा निम्माच उलगडा होतो. उरलेला उलगडा मार्गदर्शकाच्या कामाच्या स्वरूपात आहे, आणि ते स्वरूप समजण्यासाठी टॅबलेटच्या बरेच मागे जावे लागते.

शाळेत बाहेरून येणारा, वर्गाच्या मागच्या बाजूस बसून पाठ पाहणारा आणि नंतर शिक्षकाशी बोलणारा हा मनुष्य शाळा-तपासनिसाच्या कुळातील आहे. इंग्लंडमध्ये सरकारी अनुदान मिळणाऱ्या शाळांसाठी पहिले दोन तपासनीस १८३९ साली नेमले गेले. आरंभी त्यांना दिलेल्या सूचनांत शिक्षकास साहाय्य करण्याची भाषा होती. १८६२ च्या सुधारित संहितेने ती भाषा निरर्थक ठरविली. शाळेला दर मुलामागे मिळू शकणाऱ्या बारा शिलिंगांपैकी आठ शिलिंग वाचन, लेखन व गणित या विषयांच्या तोंडी-लेखी परीक्षेवर आणि चार शिलिंग उपस्थितीवर अवलंबून ठेवण्यात आले. तपासनिसाच्या कागदावरील प्रत्येक खुणेला पैशाची किंमत आली, आणि शिक्षक त्याच्यापासून चुका लपवू लागला. स्वतः तपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नल्डने या पद्धतीवर कठोर टीका केली. ती टीका वाचताना आज एक गोष्ट विशेष जाणवते. आर्नल्डचा आक्षेप केवळ परीक्षेला नव्हता. तपासनिसाचा सारा वेळ मुले मोजण्यात जातो आणि शाळा पाहण्यास तो मोकळा राहत नाही, हेही त्याचे दुखणे होते.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले व त्याबरोबर तपासनिसांची उतरंड आली. निकालानुसार अनुदान देण्याची रीतही पुढे येथे चालू झाली. मराठी शाळांतून ‘दिपोटी’ या नावाने ओळखला जाणारा अधिकारी, त्याच्या भेटीआधी सारवलेली शाळा, पाठ करून घेतलेली उत्तरे आणि भेटीनंतर शेरेबुकात उमटणाऱ्या चार ओळी यांची वर्णने मराठी आत्मचरित्रांतून विपुल आढळतात. शेरेबुक हे त्या व्यवस्थेचे मुख्य साधन. ते शाळेत राहत असले तरी त्याचा खरा वाचक पुढचा अधिकारी असे. शिक्षकास त्यातून पाठाविषयी काही कळावे, अशी त्याची रचनाच नव्हती.

नोंद शिक्षकाच्या उपयोगाची व्हावी हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बळावला, आणि तोही दोन वेगळ्या वाटांनी. पहिली वाट नोंदीच्या शास्त्राची. नेड फ्लँडर्स याने वर्गातील बोलण्याचे दहा प्रकार ठरविले. त्यांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा वा गोंधळाचा. निरीक्षकाने दर तीन सेकंदांनी एक अंक लिहावयाचा. पस्तीस मिनिटांच्या पाठात असे सुमारे सातशे अंक होतात. मग त्यांच्या लगोलगच्या जोड्या पाडून शंभर घरांच्या तक्त्यात भरावयाच्या आणि त्यावरून शिक्षक किती बोलला, मुलांच्या कल्पना किती स्वीकारल्या गेल्या इत्यादि प्रमाणे काढावयाची. शिक्षणशास्त्राच्या भारतीय विभागांना ही पद्धत अपरिचित नाही; बडोद्याच्या विद्यापीठात तिच्यावर पुष्कळ संशोधन झाले आणि बी. एड.च्या कित्येक पिढ्यांनी हे तक्ते भरले. ज्याने ते भरले आहेत त्यास तिची उणीवही सांगावयास नको. पाठ संपून तक्ता हाती येईपर्यंत शिक्षक घरी गेलेला असे. पद्धत संशोधकास उत्तम. मार्गदर्शकास ती इतकी जड होती, की प्रशिक्षण महाविद्यालयाबाहेरच्या शाळांत ती क्वचितच पोचली.

दुसरी वाट ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स यांची. १९८० च्या सुमारास त्यांनी असे प्रतिपादिले, की प्रशिक्षणवर्गात शिकलेले कौशल्य शिक्षकाच्या नित्याच्या वर्गात उतरावयाचे असेल तर त्याच्याजवळ कोणीतरी वारंवार येऊन बसले पाहिजे. त्यासाठी त्यांनी खेळाच्या मैदानावरील ‘कोच’ हा शब्द शाळेत आणला. या कल्पनेची पुढे पुष्कळ परीक्षा झाली. २०१८ साली मॅथ्यू क्राफ्ट व त्यांचे सहकारी यांनी अशा ६० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा अध्यापनाच्या गुणवत्तेवर ०.४९ आणि विद्यार्थ्यांच्या यशावर ०.१८ प्रमाण विचलन एवढा परिणाम दिसून आला. तथापि त्याच विश्लेषणात आणखी एक गोष्ट निघाली. कार्यक्रम मोठा झाला, म्हणजे शंभरांहून अधिक शिक्षकांपर्यंत गेला, की परिणाम लक्षणीय प्रमाणात कमी होतो. चांगले मार्गदर्शक थोडे असतात. ते अधिक शाळांवर पसरले की त्यांची भेट पातळ होते. मार्गदर्शनाच्या सरकारी योजनांपुढची खरी अडचण ही आहे, आणि केनियाचे उदाहरण येथेच महत्त्वाचे ठरते.

केनियात शिक्षक-सल्ला केंद्रे १९७० च्या दशकापासून होती. तेथील सल्लागार शिक्षकाने आपल्या विभागातील शाळांत हिंडून शिक्षकांना मदत करावी अशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात तो कार्यालयाच्या कामात अडकून पडे. परीक्षांची व्यवस्था, पत्रके पोचविणे, वरिष्ठांच्या सभा ही त्याची खरी दिनचर्या. २००३ च्या जानेवारीत प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि पटसंख्या सुमारे ५९ लाखांवरून एका वर्षात ७२ लाखांवर गेली. शिक्षक त्या प्रमाणात वाढले नाहीत. सल्लागार तर मुळीच नाहीत. दूरच्या शाळेत जावयाचे तर मोटारसायकलचे तेल स्वतःच्या खिशातून भरावयाचे, आणि तो खर्च परत मिळेल याची शाश्वती नाही. अशा स्थितीत न गेलेल्या भेटीचा अहवाल लिहिला जाणे स्वाभाविकच होते. ज्याला तेलाचे पैसे मिळत नाहीत त्याच्याकडून भेटींचा आकडा मागणारी व्यवस्था त्याला खोटे लिहावयास लावते. हा दोष त्या सल्लागारावर ढकलून मोकळे होता येत नाही.

२०११ ते २०१४ या काळात शिक्षण मंत्रालय आणि आर. टी. आय. इंटरनॅशनल ही संस्था यांनी प्राथमिक गणित व वाचन या विषयांचा जो कार्यक्रम केला, त्यात या सल्लागारांचे काम नव्याने आखले गेले. किसुमूचा प्रयोग त्याच कार्यक्रमातील. त्यात वापरलेल्या साधनाचे मूळ मुलांच्या वाचन-चाचणीत आहे. आरंभीच्या इयत्तांतील वाचनाची जी चाचणी २००६ नंतर अनेक देशांत प्रचारात आली, तिच्यात मुलाने एक मिनिटात किती शब्द बरोबर वाचले हे मोजतात. कागदावर हे काम दिसते तितके सोपे नाही. एका हाताने थांबा-घड्याळ चालवावयाचे, दुसऱ्या हाताने चुकलेल्या शब्दावर रेघ मारावयाची, मिनिट संपताच शेवटच्या शब्दापुढे खूण करावयाची, मग चुका वजा करून, मूल लवकर थांबले असल्यास उरलेल्या सेकंदांचा हिशेब करून दर मिनिटाचा वेग काढावयाचा. आणि हे सारे करताना समोरच्या सहा-सात वर्षांच्या मुलाला भीती वाटू द्यावयाची नाही. आर. टी. आय. ने तयार केलेल्या ‘टँजरिन’ या मुक्त संगणक-प्रणालीने हे सर्व टॅबलेटच्या पडद्यावर आणले. चुकलेल्या शब्दावर बोट ठेवावे, तो रंग बदलतो; मिनिट संपले की घड्याळ आपोआप थांबते; वेग तत्काळ समोर दिसतो.

तुसोमे कार्यक्रमात सल्लागाराच्या भेटीचा क्रम ठरलेला होता. त्याने वर्गात बसून पाठ पाहावा आणि पाठाच्या टप्प्यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे टॅबलेटवर नोंदवावी. पाठ संपल्यावर यादृच्छिक रीतीने निवडलेल्या तीन मुलांकडून वाचून घ्यावे. मग शिक्षकाजवळ बसून बोलावे. या बोलण्यासाठी टॅबलेट त्याच्यासमोर नुकत्याच केलेल्या नोंदींवरून काही सूचना मांडी. शिक्षकाची मार्गदर्शिका व मुलांची पुस्तके त्याच यंत्रात असत, अक्षरांचे ध्वनी शुद्ध ऐकविण्याची सोयही असे. फ्लँडर्सच्या तक्त्याला जे साधले नव्हते ते येथे साधले. नोंद आणि बोलणे यांतील अंतर एका दिवसावरून काही मिनिटांवर आले, आणि नोंदीचा पहिला वाचक तो शिक्षक झाला. पुढे सल्लागारांचे पदनाम बदलून ते ‘अभ्यासक्रम-साहाय्य अधिकारी’ झाले. अशा हजाराहून अधिक अधिकाऱ्यांच्या हाती टॅबलेट गेले, आणि वीस हजारांहून अधिक सरकारी प्राथमिक शाळा या व्यवस्थेत आल्या.

तथापि टॅबलेटचे सर्वांत परिणामकारक कार्य शिकविण्याशी संबंधित नव्हते. ते प्रवासखर्चाशी संबंधित होते. यंत्रातील स्थाननिदर्शक यंत्रणेमुळे भेट कोठे व केव्हा झाली याची नोंद आपोआप होई. त्या नोंदीवरून अधिकाऱ्याने महिन्यात किती शाळा पाहिल्या हे ठरे, आणि तेवढ्या भेटींचा प्रवासखर्च त्यास परत मिळे. न गेलेल्या भेटीचे पैसे मिळेनात, हे उघडच आहे. पण गेलेल्या भेटीचे मिळू लागले, ही अधिक मोठी गोष्ट होती. मार्गदर्शकाचे काम सोपे करणे म्हणजे काय, याचे हे नमुनेदार उत्तर म्हणावे लागेल. अहवाल, हिशेब आणि प्रवासबिल या तीन कागदांची जागा एका कृतीने घेतली. पाठ पाहिला की बाकीचे आपोआप झाले. किसुमूतील विसंगतीचाही येथे उलगडा होतो. प्रयोगासाठी निवडलेल्या थोड्या शाळांत भेटी होत आहेत की नाहीत यावर लक्ष ठेवणारी माणसे जवळच होती, म्हणून तेथे यंत्रावाचूनही भेटी झाल्या. देशभर तसे लक्ष ठेवणे कोणालाच शक्य नव्हते. क्राफ्ट यांच्या विश्लेषणातील जी घसरण मोठ्या कार्यक्रमांत दिसते, ती रोखण्याचे काम यंत्राकडे आले. मुलांना वाचावयास मार्गदर्शकाची भेट शिकविते. ती भेट घडेल एवढे टॅबलेटने पाहिले.

मात्र त्याच यंत्रणेत जुना तपासनीसही दडलेला आहे, हे विसरता येत नाही. भेटींची संख्या आणि मुलांच्या वाचनाचे सरासरी वेग कौंटीनिहाय एकत्र होऊन वरिष्ठांच्या पडद्यावर दिसत. कोणती कौंटी ठरविलेल्या भेटींच्या किती टक्के पूर्ण करते, हे त्यांना बसल्या जागी कळू लागले. हे आकडे वर गेले म्हणून पैसे खाली आले, हे मान्य केले तरी, १८६२ च्या संहितेतही पैसे आकड्यांवरूनच दिले जात होते. दोहोंतील भेद एवढाच, की इंग्लंडमध्ये मुलाच्या वाचनावर शाळेचे अनुदान अवलंबून होते. केनियात मुलाच्या वाचनावर कोणाचाच पैसा अवलंबून नव्हता, केवळ भेट झाली की नाही यावर होता. भेद लहान दिसतो, पण शिक्षकाने मार्गदर्शकापुढे अडखळणारे मूल उभे करावे की लपवावे, हे त्यावरच ठरते. तीन मुले यादृच्छिक निवडण्याचा नियमही याच ठिकाणी उपयोगी पडतो.

महाराष्ट्राच्या वाचकास येथे आपल्याकडील केंद्रप्रमुखाची आठवण होणे अपरिहार्य आहे. समूह-साधन केंद्र ही कल्पना १९९४ पासूनच्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाने देशभर रूढ केली आणि तिचा हेतू केनियाच्या सल्ला केंद्राहून फारसा निराळा नव्हता. पुढे संगणकही आले. शाळांची देशव्यापी माहिती भरण्याची यू-डायस प्रणाली आली, २०१५ साली राज्याची ‘सरल’ आली. या प्रणालींनी शासनास शाळांविषयी पूर्वी कधी नव्हती इतकी माहिती दिली, हे निर्विवाद. परंतु त्यांची रचना शाळेतून वर जाणाऱ्या माहितीसाठी आहे. पाठानंतर शिक्षकाजवळ बसलेल्या मनुष्यास त्या क्षणी काय बोलावे हे त्या सांगत नाहीत, कारण ते त्यांचे कामच नव्हे. शेरेबुक संगणकावर चढले की ते वेगाने वाचले जाते एवढेच.

यंत्र भेट घडवून आणू शकते, हे केनियात दिसले. मग यंत्राने भेटीचीच जागा का घेऊ नये, हा पुढचा प्रश्न दक्षिण आफ्रिकेत विचारला गेला. त्या देशात वर्गात बाहेरच्या माणसाने बसणे हीच नाजूक बाब होती. वर्णभेदाच्या राजवटीतील तपासनीस त्या राजवटीचेच हात समजले जात, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस अनेक कृष्णवर्णीय वस्त्यांतील शिक्षकांनी त्यांना शाळांत पाऊल टाकू दिले नाही. १९९४ नंतरच्या शासनाला शिक्षकांचा हा अविश्वास वारशाने मिळाला. अशा पार्श्वभूमीवर २०१५ पासून वायव्य प्रांतातील २३० शाळांत सेत्स्वाना वाचनाचा एक प्रयोग झाला. त्यात एकत्र प्रशिक्षणवर्ग घेण्यापेक्षा शाळेत येणारा मार्गदर्शक अधिक उपयोगी ठरला. दोन वर्षांनंतर प्रशिक्षणाचा परिणाम ०.१२ तर मार्गदर्शनाचा ०.२५ प्रमाण विचलन होता. पण मार्गदर्शक महाग, आणि चांगले मार्गदर्शक दुर्मिळ. म्हणून २०१७ साली मपुमलांगा प्रांतातील १८० शाळांत दुसरा प्रयोग आरंभिला गेला. विषय होता, घरी इसिझुलू वा सिस्वाती बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकविणे. पन्नास शाळांत मार्गदर्शक स्वतः जात. दुसऱ्या पन्नास शाळांत शिक्षकांना टॅबलेट मिळाले. पाठटाचणे, ध्वनिमुद्रिते व चित्रफिती त्यातच होत्या, आणि मार्गदर्शक दूरध्वनी व व्हॉट्सॲप यांवरून त्यांच्याशी संपर्क ठेवी. उरलेल्या ऐंशी शाळा तुलनेसाठी होत्या.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखे आले. प्रयोग तेथेच थांबला असता तर दूरस्थ मार्गदर्शन भेटीइतकेच गुणकारी असल्याचा निर्वाळा मिळाला असता, आणि ज्या शासनाला मार्गदर्शकांचे वेतन परवडत नाही त्यास तो हवाच होता. सुदैवाने तो तीन वर्षे चालला. तीन वर्षांनंतर भेट देणाऱ्या मार्गदर्शकांच्या शाळांतील मुलांच्या इंग्रजी बोलण्या-ऐकण्यात ०.३१ आणि वाचनात ०.१३ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. दूरस्थ गटात बोलण्या-ऐकण्यातील वाढ पुष्कळ कमी होती आणि वाचनात काहीच नव्हती. हा भेद कशातून आला असावा, हे वर्ग डोळ्यांपुढे आणल्यास तर्काने सांगता येते. इंग्रजी गाणी व शब्द टॅबलेट ऐकवितो. मुले ती म्हणतात. परंतु चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात पाच-सहा मुलांचा गट वेगळा बसवून प्रत्येकाकडून वाचून घेणे आणि त्याच वेळी उरलेल्यांना कामात ठेवणे, हे शिक्षकास दूरध्वनीवरून कळत नाही. ते कोणीतरी त्याच्यादेखत करून दाखवावे लागते, आणि त्याचे पहिले चार-सहा प्रयत्न फसताना तेथेच बसून पाहावे लागतात. दूरस्थ गटाच्या निकालात आणखी एक नोंद आहे, आणि तिची अपेक्षा कोणीच केली नव्हती. त्या शाळांतील मुले घरच्या भाषेच्या वाचनात तुलनेच्या शाळांतील मुलांपेक्षा मागे पडली होती.